बाईंचं पुढचं चाक

बाईंचा माणसांवर विश्वास नव्हता, देवावर कामापुरता होता आणि डॉक्टरांवर तर अजिबात नव्हता. त्यांचा सगळा विश्वास एका हातभर लांब पेचकसावर, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरवर, होता. पेचकसाची मूठ कानाला लावायची, टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं आणि डोळे मिटायचे. आत काय कुरकुरतंय ते ऐकू येतं. गॅरेजवालेही असं करतात, पण ते यंत्रापाशी थांबतात. बाईंनी पेचकस छताच्या पंख्याला लावला होता, माझ्या स्कुटीला लावला होता आणि एकदा दुखतंय म्हणाले म्हणून नवऱ्याच्या गुडघ्यालाही लावला होता.

"याच्यातली ग्रीस खतम झाली," त्यांनी निदान केलं.

"मंग बदलून टाक," भाऊ म्हणाले. भाऊ म्हणजे बाईंचे यजमान. सगळं मूल गाव त्यांना भाऊच म्हणायचं.

"तुमच्या नंबरचं मिळत नाई."

मी त्यांची भाडेकरू. सातारा भागातून थेट चंद्रपूर जिल्ह्यात नेमणूक झाली होती, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला. ऑर्डर हातात पडल्यावर आनंदाने आईला फोन केला, "आई, मला मूल मिळालं!"  मग आईने दबक्या आवाजात विचारलं, "कुणाचं?"

बाईंची राइस मिल गावाच्या कडेला होती आणि मिलच्या ऑफिसवर एक खोली होती. त्या खोलीत मी राहायचे. भाताच्या हंगामात खालून कोंडा उडायचा आणि माझ्या केसांत, चहात, प्रश्नपत्रिकांत बसायचा. पहिल्या दिवशी मी त्यांना "काकू" म्हणाले. त्यांनी वरून खाली पाहिलं.

"मी कोनाची काकू नाई. बाई म्हन."

ऑफिसात भाऊ बसायचे, गल्ल्यावर. स्वयंपाक भाऊ करायचे, देवपूजा भाऊ करायचे, गिऱ्हाइकाशी गोड भाऊ बोलायचे. यंत्रं बाईंकडे. यंत्रांना त्यांनी सासरच्या माणसांची नावं दिली होती. धान भरडणारी मशीन म्हणजे सासूबाई, कारण दिवसभर कटकट करते आणि तांदूळ खाते. धान वर चढवणारा एलेवेटर म्हणजे जाऊबाई, कारण तिला सारखं वर जायचं असतं. जाऊबाई खरोखरच्या, जिवंत, शेजारच्याच गल्लीत राहत होत्या. "जाऊबाईच्या तोंडात पोतं अडकलं" असं बाई भर दुपारी मिलमधून ओरडायच्या तेव्हा गल्लीत काय वातावरण होत असेल, याचा विचार मी फार करत नसे.

आणि मग ती मोटरसायकल.

साठी ओलांडलेली बाई, नऊवारी नव्हे पण पाचवारी दोन्ही बाजूंनी खोचलेली, पायात पुरुषी बूट, आणि खाली तिच्याहूनही म्हातारी, काळी, जडशीळ मोटरसायकल. ती सुरू झाली की बाजारातली कुत्री उठून बसायची. बाईंच्या वडिलांची गाडी. वडील आलापल्लीला सागवानाच्या डेपोवर मुकादम होते. गाडीवर कुठल्या कंपनीची गाडी हे वाचता येत नव्हतं, कारण टाकीवरचं नाव बाईंच्या गुडघ्याने घासून घासून गेलं होतं.

गाडीचं एकच दुखणं होतं, पुढचं चाक. त्या काळच्या रचनेप्रमाणे चाकाच्या आत सुटे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे शंकूसारखे नट. त्या नटाला गॅरेजात कोन म्हणतात. जरा खड्डे लागले की कोन ढिला व्हायचा आणि चाक डुलायला लागायचं. ही माहिती मला नव्हती, त्यामुळे एकदा बाई घरात शिरून कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कोन खराब झाला!" तेव्हा मी घाबरून विचारलं, "कोण?"

"कोनच!"

आतून भाऊंचा आवाज आला, "मी नाई."

मला पाहायला एकदा नागपूरहून मुलगा आला होता. आईवडील साताऱ्याहून येईपर्यंत यजमानपण बाईंकडे. चहा झाल्यावर त्यांनी मुलाला अंगणात नेलं, गाडी स्टँडवर चढवली, पुढचं चाक हाताने गरकन फिरवलं, आणि पेचकस त्याच्या हातात दिला. "ऐक आन् सांग."

मुलाने ऐकलं. "छान आहे," तो म्हणाला.

चाक त्या दिवशी जात्यासारखं वाजत होतं. बाईंनी पेचकस काढून घेतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याले ऐकू येत नाई, आन् येत असन तं खोटं बोलते. तू ठरव." मी ठरवलं. आईने बाईंशी दोन महिने अबोला धरला. तो फोनवरचाच असल्याने बाईंना तो कळला नाही.

हे दुखणं बाईंना कधीच बरं करता आलं असतं. सुटे छर्रे काढून त्या जागी बंद बेअरिंग बसवायचं आणि एक्सल जाड टाकायचा. गावातल्या लेथवाल्याने हे त्यांना कैकदा सांगितलं होतं. पण बाई ऐकत नव्हत्या. छर्रे बापाने बसवलेले होते. आणि बापाच्या गाडीत काही बदललं तर दादाला तोंड उघडायला जागा मिळाली असती.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, आलापल्लीला राहणारा, वनखात्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली. त्याची कथा मला भाऊंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बाई मिलमध्ये असताना. वडील म्हणायचे, जो गाडी चालू करेल त्याची गाडी. दादाने तरुणपणी किक मारली, किक उलटी आली, महिनाभर पाय सुजून राहिला. बाईंनी मारली, गाडी सुरू झाली. वडील गेल्यावर बाई ती गाडी मूलला घेऊन निघाल्या, पण ट्रकमध्ये घालून, कारण तेव्हाही चाक डुलतच होतं. दादा फाटकात उभा राहून म्हणाला, "ट्रकवर तं मढं बी जाते. चालवत आलापल्लीले आनून दाखव, मंग म्हन बापाची पोरगी."

तेवढ्यावर दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं.

बाईंनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. दर वेळी आलापल्लीच्या वाटेवर, चामोर्शीच्या पुढे कुठेतरी चाक डुलायचं आणि बाई गाडीसकट टेम्पोत बसून परत यायच्या. टेम्पोवाला आपल्याकडे बघून हसला असं त्यांना प्रत्येक वेळी वाटायचं आणि पुढचे चार दिवस सासूबाईंमधून तांदळाचा चुरा निघायचा.

मी तिथे असतानाच्या हंगामात भाऊंनी एक दिवस जेवताना, मान खाली घालून, बातमी सांगितली. ते मेहुण्याशी चोरून फोनवर बोलायचे, हे बाई सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

"दादा चालले म्हने हैदराबादले. पोराकडं. घर बंद करून राह्यले."

"कधी?"

"पोरगा येते या रविवारी. गाडी घेऊन."

बाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मला वाटलं आता शिव्या येतील. त्या उठल्या. हात धुतला, मिलमध्ये गेल्या आणि मुख्य बटण बंद केलं. सासूबाई गुरगुरत गप्प झाल्या. दारात धानाच्या पोत्यांसह बैलगाड्या, ट्रॅक्टर, माणसं.

"मिल बंद," बाई म्हणाल्या. "चाकाचं काम हाय."

"अवो बाई, सकाळपासून नंबर लावून बसलो ना गा!" एक म्हातारा शेतकरी कळवळला.

"मी बापाच्या तेराव्यापासून बसली हाय," बाई म्हणाल्या आणि जाऊबाईची बेअरिंगं काढायला शिडीवर चढल्या.

कारण चंद्रपूरहून नवी बेअरिंगं आणायला वेळ नव्हता आणि घरात चांगली, बंद, जवळजवळ नवी बेअरिंगं एलेवेटरलाच होती. मोटरसायकलच्या एक्सलपेक्षा त्यांचं भोक मोठं होतं. लेथवाल्याने हात जोडले. "बाई, एक्सलच्या मापाचं बेअरिंग आनतात. बेअरिंगच्या मापाचा एक्सल कोन बनवते?"

"जुना एक्सल तसाबी वाकला हाय. जाडा बनव. दादाबी जाडाच हाय."

भौतिकशास्त्राची बाई म्हणून मला साक्षीला बसवलं होतं. मी घर्षणाबद्दल काहीतरी सांगायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या, "थे पोरांना सांगजो." खरं तर त्या कामाबद्दल त्यांची निम्मी गृहीतकं चुकीची होती आणि माझी उरलेली निम्मी.

लेथवर चाकाचा मधला गोळा बसवला गेला. आतला भाग कापून बेअरिंगची जागा मोठी करायची होती. लेथवाल्याने हत्यार लावलं आणि थांबला.

"बाई, एक डाव कापलं का मांगं येत नाई. बापाचे छर्रे मंग कधीच बसनार नाईत."

बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागे गेले. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर त्यांनी चहा मागवला, प्याल्या नाहीत, नुसता हातात धरून उभ्या राहिल्या. भाऊ कुठूनतरी आले आणि शेजारी उभे राहिले.  चहावर साय धरली.

"बुढ्याले छर्रे नाई, पोट्टे प्यारे होते," भाऊ शेवटी म्हणाले. "दोनी पोट्टे."

बाईंनी गार चहा एका घोटात संपवला, आत गेल्या आणि म्हणाल्या, "काप."

आता दोन बेअरिंगांच्या मध्ये, एक्सलवर चढवायची एक नळी असते. तोलून मापून कापलेली. ती नसेल तर एक्सलचा नट आवळला की बेअरिंगं आतल्या बाजूला दाबली जातात आणि चाक जाम होतं. लेथवाल्याने ती नळी बनवून, पॉलिश करून, बाईंच्या घरी पाठवली होती. चाक बसवायच्या वेळी नळी सापडेना. मिल झाली, अंगण झालं, माझी खोलीसुद्धा झाली, माझ्या पांघरुणासकट.

"नसली तं नसली," बाई म्हणाल्या. "थे फक्त जागा भरायले असते." चाक बसवलं, नट आवळला. चाक तसूभरही हलेना. बाईंनी लाथ मारली. तेव्हा गाडी हलली, चाक नाही.

संध्याकाळच्या आरतीला भाऊंनी मला प्रसादाला बोलावलं. देवघरात मूर्तींसमोर एक नवीकोरी, चकचकीत उदबत्तीदाणी होती. पोलादी नळी, आत तांदूळ भरलेले आणि त्यात उदबत्त्या खोचलेल्या. मी पाहत राहिले. भाऊंनी अभिमानाने सांगितलं, "अंगनात पडून होती. लय मजबूत हाय."

मी बाईंना हाक मारली. बाई आल्या. भाऊंच्या आधीच लक्षात आलं होतं, त्यांनी हात आडवा केला. "देवापुढची वस्तू आता. काढता येत नाई."

बाईंनी उदबत्त्या काढून केळ्यात खोचल्या, नळीतले तांदूळ भाऊंच्या ओंजळीत ओतले आणि देवाकडे पाहून म्हणाल्या, "तू एका जागी बसून हायस, तुले चाक नाई. मले हाय." मग बहुधा आपलं जरा जास्त झालं असं वाटून त्यांनी नमस्कार केला. नळी मुठीत धरूनच.

निघायचा दिवस उजाडला तेव्हा भाऊंनी मागे बसायला साफ नकार दिला. "मी एक डाव बसलो होतो. लगनात." म्हणून मला बसावं लागलं. बाईंना साक्षीदार हवा होता. "दादाचा माह्यावर भरोसा नाई. म्हनन, गावाबाहेर टेम्पोतून उतरवली. तू शिकलेली हाय, तुझं ऐकन."

हरणघाटाच्या पुलावर वैनगंगेचा वारा अंगावर आला आणि मी बाईंची कंबर घट्ट धरली. जंगलाच्या तोंडाशी पाटी होती, वाघाचा वावर आहे, वाहने सावकाश चालवा. बाईंनी वेग वाढवला. मी ओरडून पाटी दाखवली. त्याही ओरडल्या, "सावकाश गेलो तं थो पकडन ना वो!"

चामोर्शीला तर्री-पोहे खाण्याआधी त्यांनी चाकाच्या मध्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग माझा हात ओढून ठेवला. "थंड हाय?" मी म्हणाले, थंड आहे. तरी पोहे खाताना त्यांची नजर चाकावरच होती. इथून पुढचा रस्ता त्यांना नेहमी टेम्पोतून माघारी आणत आला होता.

आष्टीच्या पुढे खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली होती. खड्डा चुकवला की दुसरा खड्डा. प्रत्येक धक्क्याला बाई खड्ड्याला, ट्रकला, सरकारला आणि दादाला, याच क्रमाने शिव्या द्यायच्या. पुढचं चाक मात्र सरळ जात होतं. हळूहळू शिव्या कमी झाल्या. दोन्ही बाजूंना सागवान उंच होत गेलं तशा त्या एकदम गप्प झाल्या आणि मला त्यांच्या पाठीवरून कळलं की त्यांना भीती वाटते आहे. चाकाची नव्हे. पोचण्याची.

दादा ओसरीवर बनियनमध्ये बसला होता. जाडच होता. भोवती बांधलेली खोकी. आवाज त्याने लांबूनच ओळखला असणार, पण उठला नाही. बाईंनी गाडी फाटकाच्या आत आणली आणि बंद केली. 

"चालवत आणली," मी साक्ष दिली. "पूर्ण. मी होते मागे."

दादा काठी टेकत खाली आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. खाली वाकला, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि आडवं हलवून पाहिलं. ढिलं नव्हतं. मग त्याला एक्सल दिसला.

"हे बाबाचं चाक नाई."

"चाक बाबाचंच हाय."

"एक्सल जाडा हाय. आत बेअरिंग कोनतं हाय?"

"मिलचं."

"मंग तुही मिल आली आलापल्लीले. बाबाची गाडी कुठी आली?"

"टाकी बाबाची नाई? चेसिस बाबाची नाई?"

"गाडी चाकावर चालते, बाई. टाकीवर नाई."

"मोठा आला! तुले तं चालूबी नाई करता आली!"

इतक्या वर्षांनी भेटलेले भाऊबहीण अंगणात उभे राहून अशा काही आवेशाने भांडत होते की शेजारच्या बाया तांदूळ निवडायची सुपं घेऊन कुंपणाशी येऊन बसल्या. मला पाणी त्यांनीच दिलं. मध्येच दादाचा आवाज बसला. तो सीटवर हात टेकून उभा राहिला.

"बस मांगं," बाई म्हणाल्या.

"मी बाईच्या मांगं बसत नाई."

"मंग चालव."

दादाने किककडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. आणि मागे बसला. जाताना बाईंनी मला सांगितलंसुद्धा नाही की कुठे. एक फेरी मारून येतील म्हणून मी ओसरीवर बसले. ऊन माथ्यावर आलं, शेजारच्या बाईने मला जेवायलाही वाढलं, तेव्हा कुठे गाडीचा आवाज आला. दोघं जुन्या डेपोवर जाऊन आले होते आणि भांडतच आले होते. वडील चहा प्यायला बसत ती जागा रस्त्याच्या डावीकडे होती की उजवीकडे, असा वाद होता.

दादा घरात गेला आणि खोक्यांतून एक पिशवी उपसून घेऊन आला. कपडे, गोळ्या, चष्मा.

"मी मूलले चाललो."

"कोनी बोलावलं?" बाई म्हणाल्या.

"तुह्या चाकाचा भरोसा नाई. मांगं कोनी समजदार मानूस पायजे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दादानेही पहिल्यांदाच पाहिलं. सीट एकच होती.

"म्याडम," बाई म्हणाल्या, "गडचिरोलीची बस हाय. चामोर्शीले उतरून बदलजो."

म्हणून मी बसने परत निघाले. आष्टी यायच्या आधी सागवानाच्या सावलीत मला ती गाडी दिसली. पुढचं चाक निघून गवतात पडलेलं, आणि ते दोघं रस्त्याच्या कडेला समोरासमोर उकिडवे बसलेले.  ड्रायव्हरने बस हळू केली, कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "काय झालं गा भाऊ? बसता का?"

"काई नाई झालं!" बाई वर न पाहता ओरडल्या. "गाडी बराबर हाय. याले आतून पाहाचं होतं!"

दादाच्या मांडीवर ती नळी होती. तो एक डोळा मिटून तिच्यातून आभाळाकडे बघत होता. मी हात केला. कोणाचंच लक्ष नव्हतं. बस पुढे गेली.

दादाचा हैदराबादचा मुलगा आला, फाटकाला कुलूप बघून फोनवर आत्याला बरंच बोलला. बाईंनी फोन नवी बेअरिंगं घातलेल्या जाऊबाईजवळ ठेवून मिल सुरू केली.

आणि मग मला खोली सोडावी लागली. दादाला जिना चढवत नव्हता, तरी हवी वरचीच खोली. खालून मिल नीट दिसत नाही म्हणे, आणि मिलवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच. बाईंनी माझ्यासाठी ओळखीत दुसरी खोली पाहिली, माझं सामान स्वतः हातगाडीवर लादलं आणि बाजारातून ती ढकलत माझ्याबरोबर चालल्या.  खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि ते कोंड्यामुळे नव्हतं.

"नाराज नको होऊ, पोरी," बाई म्हणाल्या. त्यांनी मला पोरी म्हणायची ती पहिलीच वेळ. "लय खडूस हाय मानूस, मले मालूम हाय. सकाळपासून तीन डाव भांडला. पन काय करू? थो बी बापाचाच हाय."